भिजत ठेवलेली पत्ती

घरात त्या सूनबाई आणि सभागृहात सूरबाई. फरक एका अक्षराचा. पण घरात त्यांचं म्हणणं पंख्याच्या आवाजात विरून जायचं आणि सभागृहात त्यांच्यावाचून पान हलायचं नाही.

त्या ओबो वाजवतात. ओबो म्हणजे सनईची परदेशात दिलेली मावसबहीण समजा. कार्यक्रमाआधी सूरबाई एक सूर लांब धरतात आणि सगळा वाद्यवृंद आपापली वाद्यं त्या सुराला जुळवून घेतो. चादरीची पहिली घडी वाकडी पडली की पुढच्या सगळ्या वाकड्याच पडतात, तसंच हे. आणि या सुराचा जीव असतो ओबोच्या तोंडाशी बसवलेल्या बोरूच्या एका पत्तीत. वाजवण्याआधी ती पाण्यात भिजवायची, आणि वापरून वापरून दमली की टाकून द्यायची. दमलेली पत्ती सूर खाली ओढते.

मध्यंतरी सभागृह बरेच महिने बंद राहिलं. कलावंत टिकावेत म्हणून सरकारने संस्थेला मदतनिधी दिला. त्यातून काचेचे दरवाजे आले, गुबगुबीत सोफे आले आणि हत्तीएवढा काळा पियानो आला. वादकांच्या पगाराला मात्र कात्री लागली. संचालकांनी सगळ्यांना बोलावून, त्या सोफ्यांशेजारी उभं करून, समजावलं की निधी संस्थेला मिळालाय, वादकांना नाही. शिवाय आपण सगळे एक कुटुंब आहोत.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. हे ऐकून त्यांनी मानही वर केली नाही.

"कुटुंब म्हणाला? मग पैसे विसर. मी इतकी वर्षं कुटुंबातच राबतेय."

नवऱ्याचं उत्पन्न बेताचं, मुलीचं कॉलेज चालू. नणंदेचं पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं. पगार पूर्वीसारखा झाला नाही तर पुढच्या महिन्यापासून सूरबाई तिथे कापड मापायला उभ्या राहणार, हे ठरल्यातच जमा होतं. नणंदेचं म्हणणं, आमच्याकडेही पडदेच आहेत, फक्त ते उघडायची वाट बघावी लागत नाही.

वादक पगाराचं विचारायला गेले की संचालक म्हणत, विचार चालू आहे. ते घोंगडं असं भिजत पडलं असताना पत्त्यांचा खर्चही बंद झाला. पत्ती तोंडात धरतात, म्हणजे ती वैयक्तिक वस्तू, टूथब्रशसारखी, असं कार्यालयाने कळवलं. सूरबाईंकडे एकच जुनी पत्ती उरली होती. नव्या पियानोच्या पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच त्यांनी संचालकांना जाऊन सांगितलं की पत्ती दमलीय, सूर खाली जाईल. संचालक खुर्च्यांवर पाहुण्यांच्या चिठ्ठ्या लावत होते. वाजतेय ना, मग झालं तर, म्हणाले.

संध्याकाळी निधी देणाऱ्या खात्याच्या अधिकारी बाई पहिल्या रांगेत बसल्या. पियानो असला की सूर पियानोचा घ्यायचा, असा रिवाज. पट्टी दाबली गेली, सूरबाईंनी तो सूर धरला, ओठ आवळले, गाल दुखेपर्यंत जोर केला. पत्ती काही वर येईना. त्यांनी आशेने मागे पाहिलं, की कोणीतरी थेट पियानोला जुळवून घेईल. पण वादकांना वर्षानुवर्षांची सवय. पियानो काही का म्हणेना, ते सगळे इमानदारीत सूरबाईंना जुळले.

मग जे झालं ते पन्नास माणसं एकीकडे आणि पियानो एकटा दुसरीकडे, असं झालं. अधिकारी बाईंनी मध्यंतरात सौम्यपणे विचारलं, "हा नवा घेतलाय ना?"

संचालकांनी पियानो जुळवणाऱ्या माणसाला धारेवर धरलं. त्याने दोन पट्ट्या दाबून पाहिल्या. पियानो ठीक आहे, बाकी सगळे उतरलेत, असं सांगून तो चहा प्यायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पत्त्यांचा डबा आला. कार्यालयाने तो खर्च 'पियानोची देखभाल' या नावाखाली टाकला. पगाराचा विचार चालूच होता.

महिनाअखेरीला पुन्हा पियानोचा कार्यक्रम लागला. निधीचा दुसरा हप्ता मंजूर करण्याआधी अधिकारी बाईंना पियानो एकदा धड ऐकायचा होता. संचालक तासभर आधीच वादकांच्या खोलीत आले. सूरबाई आरशापुढे बसल्या होत्या. समोर वाटीत पाणी, पाण्यात नवीकोरी पत्ती. मागे व्हायोलिनवाले आपल्या पेट्या न उघडता बसले होते.

"आज नवी पत्ती आहे ना, बाई?"

"आहे की. भिजत घातलीय."

"किती वेळ लागतो भिजायला?"

"ते तुमच्या विचारावर आहे, साहेब. तुमचा झाला की हिचंही होईल."

संचालकांनी हसून पाहिलं. खोलीत कोणी हसलं नाही. बासरीवाल्याने सूरबाईंच्या डबीतून ती जुनी, दमलेली पत्ती काढून त्यांच्या हाताशी ठेवली, नुसती सोयीसाठी. बाहेर काचेचे दरवाजे सरकल्याचा आवाज आला आणि अधिकारी बाईंचं स्वागत होताना ऐकू आलं.

संचालकांनी वाटीकडे पाहिलं, जुन्या पत्तीकडे पाहिलं. मग वळून हिशेबनिसाच्या खोलीकडचा जिना चढायला लागले, आधी हळू, मग दोन-दोन पायऱ्या.

सूरबाईंनी पत्ती उचलून बोटांनी चाचपली. ती केव्हाच भिजली होती. त्यांनी ती पुन्हा पाण्यात ठेवली.