आमच्या गॅलरीतलं कॉफीचं पीक

डोंबिवलीत कॉफीचं पीक घेतलेली मी एकमेव सून आहे.

रोप माझ्या भावाने दिलेलं. तो चिकमंगळूरला कॉफीच्या मळ्यात नोकरीला होता. गॅलरीतल्या कुंडीत ते तीन वर्षं नुसतं पानंच देत होतं. त्यात नव्वद सालच्या आसपासचा तो उन्हाळा. नळाला पहाटे अर्धा तास पाणी, तेही करंगळीएवढं! सासूबाईंनी फर्मान काढलं, "झाडाला थेंब मिळणार नाही. पावसाळ्याच्या आत फळ धरलं नाही, तर कुंडी गॅलरीतून बाहेर!"

"धरेल! आणि त्याच कॉफीचा कप तुमच्या हातात देईन!" मी ठणकावलं. (आमच्या घरात कॉफी कोणीच पीत नव्हतं, मीसुद्धा.)

झाडाने मान टाकली. पानं मुडपली, पिवळी पडून गळायला लागली. फांद्यांवर हिरव्या कळ्या होत्या, पण ढिम्म हलत नव्हत्या. शेजारच्या फोनवरून भावाला गाठलं.

"अगं ताई, उत्तम!" तो म्हणाला. "तहानलं की कळ्या झोपून राहतात. आता एकदाच भरपूर पाणी दे. आठ-दहा दिवसांत फुलेल बघ!"

माझ्या वाटणीची बादली मी कुंडीत ओतली. त्या दिवशी अंघोळ झाडाने केली, मी नाही!

आठवड्याभरात कळ्या टरारून फुगल्या, पांढऱ्या झाल्या. आता फक्त उमलायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी ठाण्याला नणंदेच्या मुलीचं लग्न. सकाळी माझी साडी, पिना, धावपळ चाललेली. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि त्यांनी माझ्या अंबाड्यावर गजरा माळला. लग्नानंतर पहिल्यांदाच! खरं सांगते, मला भरून आलं.

कार्यालयात तिघींनी विचारलं, "अगंबाई, मोगरा की जाई? काय वास आहे!"

"जवळ येऊन घ्या ना!" मी मान वळवून वळवून दाखवत होते.

घरी येऊन थेट गॅलरीत गेले. झाडावर एक फूल नाही!

"आई! फुलं कुठायत?"

"पहाटे पाणी भरताना दिसली, खुडली. चार देवाला वाहिली, बाकीची तुझ्या डोक्यावर."

"अहो, ती कॉफी होती!"

"कॉफी तपकिरी असते. मला शिकवू नकोस!" असं म्हणत त्यांनी कुंडीला हात घातला.

मी आडवी आले. "कुंडी हलणार नाही! पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तहानलेलं ठेवीन, पुन्हा फुलवीन, आणि पहाटे इथे पहारा देईन! माझं पीक कोणाला चोरू देणार नाही!"

एवढं बाणेदार भाषण ठोकलं खरं, पण चोरीचा सगळा माल अजून माझ्याच अंबाड्यावर होता.