शुक्रवार पेठेत नवा सुपरहिरो येतो तेव्हा

लोक आम्हाला विचारतात, "तुमच्या चॅनलवर कॉमिक्सपेक्षा तुमच्याच भानगडी जास्त कशा?" आता काय सांगणार! आम्ही तिघं दर रविवारी सकाळी सोलापुरात शुक्रवार पेठेत सिद्धूच्या घरी माडीवर जमतो. सुपरहिरोंची नवी कॉमिक्स वाचतो आणि मोबाइल लावून रिव्ह्यू करतो. सिद्धूचं किराणा दुकान, श्रीनिवास त्याच्या काकांच्या टॉवेलच्या कारखान्यात कामाला आणि मी शाळेत इंग्रजी शिकवतो. वयं विचारू नका! रिव्ह्यू लोक विसरतात. पण रिव्ह्यू करताना जे घडतं ते साठत जातं, आणि कुणी चहाला बसलं की आपोआप बाहेर पडतं.

*

एकदा जलवीर नावाच्या हिरोचा पहिला अंक आला. हा गडी मूठ आवळली की पाणी काढतो. श्रीनिवास रंगात येऊन सांगत होता, "मित्रांनो, विचार करा, माणसाला पाहिजे तेव्हा पाणी..."

तेवढ्यात खालून सिद्धूच्या आईची, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या अव्वांची हाक आली, "नळाला पाणी आलंऽऽ!"

रोज न येणारं पाणी ते! तिघंही जिन्यावरून खाली. घागरी भरल्या, बादल्या भरल्या, शेवटी पातेल्यांवर आलो. मोबाइल बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यामुळे व्हिडिओत पुढं नुसत्या रिकाम्या खुर्च्या आणि खालून आवाज, "सरक की! पाइप धर! माझ्या पायावर ठेवलीस की बादली!" श्रीनिवासनं न बघता तो तसाच अपलोड केला.

आमचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ तोच. खाली एकानं लिहिलं होतं, "हिरो दिसला नाही, पण ॲक्शन लई भारी!"

*

अदृश्य हिरोच्या अंकात मधली सगळी पानं कोरी निघाली. आम्ही "धाडसी प्रयोग" म्हणून पाच स्टार दिले. मी तर त्या कोऱ्या पानांवर बराच वेळ बोललो. पुढं दुसऱ्याकडं तोच अंक बघितला, तर त्यात चित्रं होती. आमची प्रत छापायचीच राहून गेली होती!

श्रीनिवासनं ती चित्रं नीट बघितली आणि म्हणाला, "कोरीच बरी होती!"

*

मे महिन्यात एका उडणाऱ्या हिरोचा रिव्ह्यू होता. श्रीनिवासनं ठरवलं, आपण केप घालून गच्चीवर शूट करायचं. केप कुठली? काकांनी घरची सोलापुरी चादर दिली, वर मोर असलेली. ती गळ्याला बांधून श्रीनिवास भर दुपारी गच्चीच्या मधोमध हात पसरून उभा राहिला.

चादर काही उडेना. टेबल फॅन लावला, तरी मोर जागचा हलेना. श्रीनिवास मात्र हलायला लागला. डोळे मिटले, अंगाला कापरं भरलं आणि तो मटकन खाली बसला. आम्ही लिंबूपाणी आणायला पळालो.

परत येऊन बघतो तर शेजारच्या मावशी नारळ आणि हळदकुंकू घेऊन त्याच्यापुढं हात जोडून बसलेल्या! "देवा, माझ्या पोरीचं लग्न कवा जमंल?"

श्रीनिवासनं अर्धवट डोळे उघडले. बिचाऱ्याला वाटलं असणार, उत्तर दिल्याशिवाय ह्या बाई काही सोडत नाहीत. म्हणाला, "दिवाळीनंतर!"

जमलं की हो! आता मावशी त्याला अहो-जाहो करतात.

*

करकंबच्या एका चित्रकारानं स्वतः कॉमिक काढलं होतं, 'ऊसमानव'. तोडला की परत फुटतो, असा हिरो. आम्ही दोन स्टार दिले. सिद्धू म्हणाला, "ह्याला व्हिलनच न्हाय." पुढच्या रविवारी तो चित्रकार मोटारसायकलवरून थेट माडीवर हजर!

"व्हिलन न्हाय म्हणता? रानडुक्कर दिसलं न्हाय का तुमाला?"

"ते दोनच पानं हाय की," सिद्धू म्हणाला.

"मग किती पायजे? शेत खाल्लं की त्यानं!"

तो चहासुद्धा न घेता गेला. मला वाईट वाटलं. दुसरा अंक आला, तर त्यात नवा व्हिलन होता. नाव 'रिव्ह्यूराक्षस', ढेरीपासून चष्म्यापर्यंत हुबेहूब सिद्धू! शेवटी ऊसमानव त्याला चरकात घालतो.

आम्हाला वाटलं, सिद्धू आता करकंबला भांडायला जाणार. त्यानं ते पान फ्रेम करून दुकानात गल्ल्याच्या वर लावलं. आणि व्हिलन जबरदस्त म्हणून पाच स्टार दिले!

*

वज्रानंद हा सिद्धूचा लहानपणापासूनचा हिरो. एका शनिवारी नव्या अंकात तो मेला. सिद्धू खरंच रडला. नेमका तेव्हाच मैंदर्गीहून त्याच्या मामांचा फोन आला. सिद्धू हुंदका देत म्हणाला, "मामा, नंतर बोलतो. वज्रानंद गेला ओ!" आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी आम्ही रिव्ह्यूला पोचलो, तर मामा दारात. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात भाकरी-आमटीचा डबा. अव्वांनी दार उघडलं आणि मामा बहिणीच्या गळ्यात पडून रडायला लागले. अव्वांना वाटलं, मैंदर्गीत कुणी तरी गेलं. त्याही मोठ्यानं रडायला लागल्या. शेजारीपाजारी जमले.

जरा वेळानं अव्वांनी डोळे पुसत आधी कानडीत, मग मराठीत विचारलं, "यारो? कोण गेलं रे?"

"मला काय विचारतीस? तुमच्याकडचंच की!"

सिद्धूनं कॉमिक मामांच्या हातात दिलं. आम्हाला वाटलं, आता मामा ते त्याच्या डोक्यात हाणणार. मामांनी चष्मा लावला. कॉटवर बसले. बोट ओलं करत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लई चांगला होता रे," ते म्हणाले. "मागं कोण कोण हाय?"

"कुणी न्हाय, मामा."

मामांनी डोळे पुसले. सगळ्यांनी मिळून भाकरी-आमटी खाल्ली. शेजारचेही थांबले. तेवढ्यात मामींचा फोन आला.

"व्हय, खरंच गेला," मामा म्हणाले. "न्हाय, तू आत्ता नको येऊ. पुढच्या महिन्यात परत येतोय म्हणं, सिद्धू सांगतोय. तवाच ये!"