नोटीस घेऊन आलेले दाजी

सव्वा महिना झाला. फोनवर अक्का एवढंच म्हणाली, "तुझे दाजी गेले रे..."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आधी ग्वाल्हेर संस्थानच्या महसूल खात्यात कारकून, संस्थान जाऊन मध्य भारत राज्य आलं तेव्हा उज्जैनला नायब तहसीलदार. आमच्या घराण्याकडे दरबाराच्या काळापासून एका गावाची जहागीर होती. गाव लहान, पण माझ्या वडिलांचा, आप्पांचा, सारा रुबाब त्यावर. जहागिऱ्या संपवायचा कायदा झाला आणि आमच्या गावाची नोटीस नेमकी दाजींच्याच टेबलावर आली. चपराशाबरोबर पाठवता आली असती. पण सकाळीच ते स्वतः उज्जैनच्या आमच्या घरी आले, कोट घालून, आणि ओसरीवर उभ्यानंच कागद पुढे केला. "आप्पा, हे मीच द्यावं असं वाटलं." आप्पांनी सही केली आणि ते आत निघून गेले. बसा म्हणाले नाहीत. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. फाटकापर्यंत मागे गेलो आणि म्हणालो, "जीजाजी, शरम नाही वाटली?" दाजी म्हणायचं मुद्दाम टाळलं.

"वाटली," ते म्हणाले. "टांग्यात बसवेना. देवास गेटपासून पायीच आलो."

पुढे दोन वर्षं अक्काला माहेरचं बोलावणं गेलं नाही, दिवाळीलाही नाही. मग मध्य प्रदेश झाला, माझी नोकरी भोपाळला गेली. आई आधीच गेलेली. घरात आप्पा एकटे, आणि त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी पोचायच्या आत दाजींनी त्यांना उज्जैनमधल्याच फ्रीगंजच्या आपल्या घरी नेलं होतं. पुढं दाजींची भोपाळला बढती निघाली, ती त्यांनी नाकारली. "आप्पांना शिप्रेचा काठ सोडवणार नाही," एवढंच कारण.

एका रविवारी गेलो, तर दाजी आप्पांची दाढी करत होते. वाकड्या झालेल्या तोंडानं आप्पा मला म्हणाले, "ती नोटीस दुसऱ्या कुणी आणली असती ना, तर जोड्यानं मारला असता."

"आप्पा, हलू नका. लागेल," दाजी म्हणाले.

मी कसाबसा म्हणालो, "दाजी, त्या दिवशी मी..."

"तो ब्रश धुऊन आण बरं," ते म्हणाले. विषय तिथंच संपला.

आप्पांनी रात्री हाक मारली तर ऐकू यावी म्हणून दाजी त्यांच्या दाराबाहेर खाट टाकून झोपत. आप्पा गेल्यावरही ती खाट त्यांनी हलवली नाही, शेवटपर्यंत तिथंच झोपले. तेराव्याला गेलो तेव्हा अक्कानं न विचारता माझं अंथरूण त्याच खाटेवर घातलं.