दोन डॉक्टरांची औषधं

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आईच्या टीबीच्या गोळ्या आणायला मी ठाण्यातल्या एका दवाखान्यात जायचो. तिथे एक जोडपं नेहमी दिसायचं. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून डोंबिवलीहून इथवर यायचं. सगळं नवराच बोलायचा. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसायची.

मग एकदा ती एकटीच आली. डॉक्टरांच्या टेबलापुढे साधा पडदाही नव्हता, त्यामुळे बाकावर सगळं ऐकू यायचं.

"मिस्टर कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गेले. एड्स होता त्यांना. त्याचं औषध मुंबईच्या डॉक्टरांकडून आणायचो. तिथे टीबीचं बोलायचं नाही आणि इथे एड्सचं नाही, अशी मला ताकीद होती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, टीबीच्या या गोळीनं त्या औषधाचा जोरच जातो. नुसतं सांगितलं असतंत तर गोळी बदलून दिली असती."

"दोन्ही मीच द्यायचे. कधी वेळ चुकवली नाही." तिने मागे बाकाकडे पाहिलं. मग मुद्दाम आवाज चढवून म्हणाली, "आता माझं लिहून घ्या. मलाही दोन्ही आजार आहेत."

ती टेबलापासून बाकाकडे परत आली तेव्हा बाकावरची माणसं उठून भिंतीशी उभी राहिली होती. मी एकटाच टोकाला बसलेलो. तिने सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"एवढंच टाळायला जीव घालवला हो त्यांनी," ती मला म्हणाली आणि बाकाच्या मधोमध बसली.