न उघडलेली पिशवी

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी पावणेसहाला माझा फोन वाजला नाही. शांतवन पाटोळे यांचं रोजचं मनन त्या वेळेला येत असे. पाच-सहा ओळी, कागदावर हाताने लिहून त्याचा फोटो काढलेला, कारण फोनवर मराठी टाइप करणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार त्यांच्या प्रकृतीचा आला नाही. मला वाटलं, त्यांना कळलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी सांगितलं आणि त्यांनी मला यादीतून काढून टाकलं. मी फोन हातात धरून बसलो, आदल्या दिवशीचं मनन पुन्हापुन्हा वाचलं, त्यात काही इशारा होता का ते शोधलं. नवाच्या सुमारास त्यांच्या मुलीचा, करुणाचा फोन आला. "काका, बाबा झोपेतच गेले," ती म्हणाली. आणि लिहायला लाज वाटते, पण क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.

पाटोळे मूळचे जालन्याकडचे, ख्रिस्ती घरातले. मी पुण्याचा. दोघंही कस्टम्सच्या नोकरीने कलकत्त्याला आलो आणि खिदिरपूरच्या क्वार्टर्समध्ये एकाच जिन्यावर, समोरासमोर राहिलो. त्या जिन्यावर आणि शेजारच्या इमारतीत मिळून चार मराठी घरं होती. पाटोळे पहाटे उठून वहीत मनन लिहीत, मग कार्बन लावून त्याच्या चार चिठ्ठ्या करत, तीन शेजाऱ्यांना आणि एक स्वतःच्या घरी भिंतीवर, आणि आंघोळीला जाण्याआधी प्रत्येकाच्या दाराखालून सरकवत. श्रद्धा, मोह, दुसऱ्याच्या उपयोगी पडणं, असे साधे विषय असत. उपदेशाचा सूर नसे. एकदा लिहिलं होतं, मदत करायला जाताना आपल्याकडे काय आहे ते बघू नये, समोरच्याला काय पेलवेल ते बघावं. माझी पत्नी विमल त्या चिठ्ठ्या स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायची. मला ते खटकायचं. हा माणूस रोज आमच्या दाराखालून काय सरकवतोय, आणि का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नसे. शेवटी एकदा हसण्यावारी नेत मी विचारलंच, की आमचं धर्मांतर करायचा बेत आहे का. ते म्हणाले, "अहो देवधर, तुम्हाला आमच्यात घेतलं तर रविवारी चर्चमध्ये गावं लागेल. तुमचा आरतीतला आवाज ऐकलाय मी. पाळकसाहेब राजीनामा देतील." विमल पोट धरून हसली. मीही हसलो, आणि मनात नोंद केली की माणसाने प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत ते दरवर्षी विळीवर नारळ खवायला बसत. मोदकांसाठी वीस-पंचवीस नारळ एकटे खवत. मी लांबून बघत असे, हा प्रसाद खातो की नुसता हातात धरतो. ते खात. दोन खात, आणि तिसरा करुणासाठी रुमालात बांधून घेत.

संशय घेणं हे आमचं कामच होतं. गोदीच्या फाटकावर उभं राहायचं, समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता हाताकडे बघायचं, आणि म्हणायचं, पिशवी उघडा. मी हे वाक्य नोकरीत किती हजार वेळा म्हटलं असेल कोण जाणे. ज्या एका माणसाला म्हणायला हवं होतं, त्याला म्हटलं नाही. त्याचीच ही हकीकत आहे.

त्या वर्षी गोदीत एक परदेशी निशाणाचं मालवाहू जहाज अडकून पडलं होतं. मालक हात वर करून मोकळा झाला होता, प्रकरण कोर्टात होतं, आणि खलाशांना ना किनाऱ्यावर उतरायची परवानगी, ना घरी जायची. त्या जहाजावर पाटोळ्यांची ड्यूटी होती. माझी चौकी मागच्या बाजूला, जुन्या शेडच्या माडीवर. तिथून घाटाच्या पायऱ्या दिसत, त्या दुसऱ्या कुठूनही दिसत नसत. एका शुक्रवारी चारच्या सुमाराला मला दिसलं, की पाटोळे जहाजावरून उतरून फाटकाकडे न जाता त्या पायऱ्यांनी बाहेर पडताहेत, आणि त्यांच्या खांद्याला एक फुगलेली पिशवी आहे. गादीच्या निळ्या पट्ट्यांच्या कापडाची ती पिशवी मी ओळखत होतो. मार्थावहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ती घरी शिवली होती. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शुक्रवारी मी खिडकीत आधीच येऊन बसलो होतो.

मला काय करायला हवं होतं हे कोणीही सांगेल. खाली उतरायचं आणि म्हणायचं, पाटोळे, उघडा बघू. तो माझा अधिकार होता आणि कामही. पण परक्या शहरातला आपला माणूस, समोरच्या दारात राहणारा, ज्याच्या घरी दर रविवारी चहा प्यायचा, त्याला हमालासारखी पिशवी उघडायला लावायची? मला तो त्याचा अपमान वाटला. निनावी अर्ज करणं मात्र अपमान वाटला नाही. मी तो इंग्रजीत, टाइप करवून, वरिष्ठांकडे पाठवला. वार, वेळ, पायऱ्या, पिशवी, सगळं तपशीलवार. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते कर्तव्य होतं. पण त्याच महिन्यात बढतीची यादी निघायची होती, आणि तिच्यात पाटोळ्यांचं नाव माझ्या वर होतं, हेही मला माहीत होतं. आता या वयात दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहितो.

चौकशी लागली. पाटोळ्यांना गोदीतून काढून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. त्यांच्या हातात नोटीस आणि अर्जाची प्रत पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराखालून चिठ्ठी आली. तिच्यात लिहिलं होतं:

"मोह दार फोडून आत येत नाही. तो ओळखीच्या माणसासारखा येतो, खुर्ची ओढून बसतो, आणि आपणच त्याला चहा विचारतो."

दोनच दिवस आधी, रविवारी, मी त्यांच्या घरी खुर्ची ओढून बसलो होतो आणि चहा प्यालो होतो. मी ती चिठ्ठी हातात घेऊन दारातच उभा राहिलो. समोरचं दार उघडंच होतं, आत पाटोळे दाढी करत होते. त्यांनी आरशातूनच हात हलवला. त्या दिवसापासून मी त्या घरात चहा घेतला नाही. पित्त होतं, असं सांगितलं. मार्थावहिनींनी त्यावर विश्वास ठेवला आणि त्या वारल्या तोपर्यंत माझ्यासाठी कोकमचं सरबत करत राहिल्या.

पिशवीत काय होतं ते मला महिनाभरात कळलं. पाटोळ्यांच्या जागी काही दिवस मला त्या जहाजावर पाठवलं. कठड्यापाशी एक म्हातारा खलाशी आला. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून त्याने ओळखलं असावं, कारण त्याने मराठीतच विचारलं, "पाटोळे सायब आजारी आहेत काय हो? आमचे कपडे तसेच पडलेत." तो बाणकोटकडचा होता. जहाजाचे पंप बंद, गोडं पाणी मोजून मिळे, अंगावरचे कपडे धुण्यापुरतंही नसे. पाटोळे दर शुक्रवारी त्यांचे मळके कपडे घरी नेत, मार्थावहिनी ते धूत, आणि सोमवारी घड्या केलेले कपडे जहाजावर परत जात. फाटकावर नोंद नको, अशी विनंती खलाशांचीच होती. आपली लक्तरं कस्टमच्या साहेबाची बायको धुते, हे चार लोकांत उघड होऊ नये म्हणून... मी त्या म्हाताऱ्याला म्हणालो, साहेबांची बदली झाली. ते कपडे मी नेले नाहीत.

हा माझा दुसरा अपराध, आणि मला तो पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. चौकशीत पाटोळ्यांनी पिशवीत कपडे होते हे सांगितलं. कोणाला पटलं नाही. तोवर खलाशांना घरी पाठवलेलं होतं. पाटोळे खरं बोलताहेत हे सांगणारा एक साक्षीदार हवा होता, आणि तो त्यांच्या समोरच्या दारात राहत होता. मी गप्प बसलो. चौकशी दीड वर्ष चालली. त्यांना ताकीद मिळाली, म्हणजे दोष सिद्ध झाला नाही आणि पुसलाही गेला नाही. बढती मला मिळाली. पेढे घेऊन गेलो तेव्हा पाटोळ्यांनी मला मिठी मारली, आणि मी त्या मिठीचाही अर्थ लावत बसलो.

त्यानंतर मी त्यांची चिठ्ठी चिठ्ठीसारखी कधीच वाचली नाही. शेजाऱ्यावर लिहिलं तर वाटे माझ्यावर, क्षमेवर लिहिलं तर वाटे आता हे मला वळवून कबूल करायला लावणार, आणि पावसाळ्यातल्या चिखलावर लिहिलं तरी मी त्यात काही दडलंय का ते बघे. निवृत्तीनंतर ते करुणाकडे बेहाल्याला गेले, मी माझेरहाटजवळ राहिलो. कार्बनच्या जागी फोन आला. पण दर सकाळी पावणेसहाला मी तसाच इशारा शोधत बसे. आम्ही तीस वर्षांत अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो नाही, याचं कारण ते समजत असत की नाही, मला माहीत नव्हतं.

मंडळाच्या शोकसभेत मी चार शब्द बोललो. सगळे चांगले आणि सगळे पोकळ. नंतर चहाच्या टेबलापाशी एक जुने सभासद हळूच म्हणाले, ते गोदीतलं प्रकरण सोडलं तर माणूस देव होता. आजूबाजूच्या दोघांनी माना हलवल्या. करुणा हातात बशी घेऊन तिथेच उभी होती. तिने ऐकलं, हे मला तिच्या बशी धरलेल्या हाताकडे बघून कळलं. ही सवय सुटत नाही.

निघताना तिने माझ्या हातात एक पिशवी दिली. निळ्या पट्ट्यांची, तीच, विटलेली. आत मननाच्या वह्या होत्या. "मला बाबांचं अक्षर लागत नाही, काका," ती म्हणाली. "मी बांगला मीडियम... म्हणजे मराठी बोलते तेवढंच. तुम्ही वाचून चांगली चांगली काढून द्याल? छोटं पुस्तक करू." मला क्षणभर वाटलं, हिला सगळं माहीत आहे आणि ही माझी परीक्षा बघते आहे. तसं काही नव्हतं. बापाचं अक्षर लागणारा तिच्या ओळखीत मी एकटाच होतो.

घरी येऊन मी आधी त्या वर्षाची वही शोधली. मोहाचं ते मनन सापडलं. त्याच्यावर चार ओळी लिहून एका रेघेने खोडल्या होत्या, वाचता येतील अशा. "अर्जात लिहिलेल्या पायऱ्या फक्त देवधरांच्या चौकीवरून दिसतात. बढतीच्या यादीत ते माझ्या मागे आहेत. उत्तरात एवढंच लिहिलं तर मी सुटेन. काल दिवसभर लिहावंसं वाटलं. आज सकाळीही वाटतं." त्याखाली, न खोडलेलं, ते दार आणि खुर्ची आणि चहा.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि ज्या तीन ओळी मी इतकी वर्षं माझ्यावरचा टोमणा म्हणून उरात बाळगल्या, त्या माझ्याविषयी नव्हत्याच. ते स्वतःच्या मोहाविषयी लिहीत होते. माझं नाव घेण्याचा मोह त्यांच्या खुर्चीत येऊन बसला होता, आणि त्यांनी त्याला चहा दिला नाही, एवढंच.

ते पान फाडणं सोपं होतं. करुणाला वाचता येणार नाही, आणि वहीला एक पान कमी आहे हे कोण मोजतो? दोन दिवस वही माझ्या टेबलावर होती. दोन्ही दिवस माझा हात तिच्याकडे गेला, हेही लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मी पिशवी खांद्याला लावून मेट्रोने बेहाल्याला निघालो. स्टेशनवर सामान तपासायचं यंत्र बंद होतं. तिथल्या शिपायाने, माझ्या नातवाच्या वयाचा असेल, मला अडवलं आणि पिशवी उघडायला सांगितलं. मी उघडली. त्याने वह्या चाळल्यासारख्या केल्या, "जान, दादू," म्हणजे जा आजोबा, असं बंगालीत म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. दहा सेकंदही लागले नसतील. मी बाजूच्या बाकावर बसलो. दोन गाड्या गेल्या, तिसरीत चढलो.

करुणाला मी सगळं सांगितलं आणि मग ते पान वाचून दाखवलं, खोडलेलं आणि न खोडलेलं दोन्ही. तिने विचारलं, "आईला माहीत होतं?" मी म्हणालो, मला ठाऊक नाही. बाहेर रिक्षावाल्यांचा आवाज येत होता. हे सगळं छापायला देणार आहे, असं मी सांगितलं, मंडळातले लोक वाचतील, नावानिशी. तिने मान हलवली. क्षमेबद्दल ती काही बोलली नाही, आणि मीही मागितली नाही. चहाचंही तिने विचारलं नाही.

"पुढचं पान वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. पावसाळ्यातल्या चिखलाविषयी होतं. नुसत्या चिखलाविषयी.

आता दर शनिवारी जातो, दोन-दोन पानं वाचतो, ती तिच्या मोबाइलवर उतरवून घेते. वह्या तिच्या घरी ठेवत नाही, ती म्हणते तुमच्याकडेच असू द्या. पिशवी माझ्या दारामागच्या खिळ्याला असते. यंत्र अजून दुरुस्त झालेलं नाही. तो शिपाई आता मला ओळखतो आणि हातानेच जा म्हणून सांगतो. मी थांबतो, पिशवी त्याच्या पुढ्यात धरतो आणि उघडतो.