थोरल्याची कढई

मालवणच्या बंदरावर मला पोचवायला आई एकटीच आली होती. माझे वडील आबा आणि धाकटा भाऊ बाबल जत्रेत, आमच्या खाज्याच्या दुकानावर होते. मी मुद्दाम जत्रेचाच दिवस निवडला होता. प्रवाशांना घेऊन पडाव खोल पाण्यातल्या मुंबईच्या बोटीकडे निघाला तशी आई ओरडली, "बाबलाक काय सांगू रे?" मी ऐकू न आल्याचं सोंग केलं.

आमच्या घरची रीत अशी, की थोरला घरात असेपर्यंत गुळाच्या पाकाची कढई धाकट्याने उतरवायची नाही. थोरला मी, आणि माझ्या हाताचा सगळा आनंदीआनंद! बेसनाच्या तळलेल्या कांड्या पाकात घोळवल्या की सुट्या, खुटखुटीत व्हायला हव्यात. माझ्या एकमेकींना मिठी मारून बसत. एका जत्रेत तर अख्ख्या परातीची एकच ढेप झाली. आबा गिऱ्हाइकांना सांगत सुटले, "आज माझोच पाक चुकलो." बाबल बाजूला मान खाली घालून बसला होता. त्याला नुसत्या वासावरून पाक कळायचा, पण रीतीपुढे तो तोंड उघडत नसे. त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी गेलो की कढई बाबलाच्या हाती जाईल, हे खरं कारण सांगितलं असतं तर आबांनी मला जाऊच दिलं नसतं. म्हणून खोटं बोललो, "माका ह्या धुरात जल्म काढूचो नाय." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

परळला गिरणीत लागलो. पाळी, भोंगा, खानावळीतली पातळ आमटी, सगळं अंगवळणी पडलं. गावाहून कुणी खाजं आणलं की खोलीतली मंडळी तुटून पडत. ते आमच्याच दुकानाचं, हे सांगायला मात्र माझी जीभ रेटत नसे.

काही वर्षांनी धीर करून जत्रेला गेलो. बाबल कढईपाशी होता, आबा शेजारी पाटावर. मी गर्दीत मागेच उभा राहिलो. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने खाजं मोडत विचारलं, "आबानू, दुकान आता धाकट्याचा मां?"

आबांची नजर वर आली आणि माझ्यावर थांबली.

"पाक धाकटो करता," ते म्हणाले. "दुकान ताका थोरल्यान दिल्यान."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. तिथेच, भर जत्रेत, मला रडू फुटलं.

आता चाळीत कुणी विचारलं, "गावी काय आहे तुमचं?" तर मी सांगतो, "खाज्याचं दुकान आहे. आम्ही दोघे भाऊ चालवतो."