काकीच्या नावावरचा टिलर

काकीला काहीही विचारलं की ती आधी पदर कमरेला खोचायची, मग म्हणायची, "बगते मी." चहा घेणार का, तरी "बगते मी." लोक त्याला होकार समजायचे. तिचा दीर तर हमखास.

मी तेव्हा कृषी सहायक होते. राहायला कामोठ्याला, काम नावड्याकडच्या गावांत. तुम्ही म्हणाल, तिथे टॉवर आणि कंपन्या, शेती कुठली? पण टॉवरच्या मागे भाताचे काही तुकडे अजून तग धरून होते. त्यातला एक काकीचा; सगळं गाव तिला काकीच म्हणायचं. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं होतं. राहायची मात्र दिराच्या घरात, मागच्या खोलीत.

एकदा अनुदानासाठी तिचा अर्ज आला. पॉवर टिलर, म्हणजे हाताने धरून चालवायचं छोटं नांगरयंत्र. बाईच्या नावावर अनुदान जास्त मिळतं. मी तपासणीला गेले, तर टिलर दिराच्या अंगणात. मागे ट्रॉली जोडलेली, ट्रॉलीत विटा. दीर बिल्डरांना माल पुरवायचा.

"मॅडम, वयनीला बाजूला उभी करतो. फोटो काढा, विषय संपला." त्याच्या हातात टिलर सुरू करायचं लोखंडी हँडल होतं. मागे त्याची माणसं उभी.

मला विचारणं भागच होतं. "काकी, हे यंत्र तुमचं का?"

ती नाही म्हणाली असती तर चौकशी लागली असती, आणि संध्याकाळी तिला त्याच घरात शिरायचं होतं. ती विटांकडे बघत राहिली.

"माजा हाय."

दीर हसला. मी फोटोसाठी फोन वर केला.

"थांब बाय," ती मला म्हणाली आणि दिराकडे वळली. "माजा हाय, तर हँडल दे."

"वयनी, मस्करी नको. पैसे मी भरलेत."

"सरकारचा पैसा आला का तुजा तुला देईन. उरलेला भातावर फेडीन. हँडल दे."

त्याची बोटं हँडलवर आवळली. मी दोघांच्या मध्ये जावं की गाडीकडे पळावं, मला सुचेना. शेवटी त्याने हँडल तिच्या पायाशी टाकलं. हातात दिलं नाही.

तिने ते उचललं, इंजिनाला लावलं आणि जोर केला. हँडल उलटं फिरून मनगटावर बसलं. ती कळवळली. कुणी पुढे आलं नाही. तिने मनगट पोटाशी धरलं, डाव्या हाताने पुन्हा फिरवलं. इंजिन धडधडलं. दिराच्याच एका माणसाने मुकाट्याने ट्रॉली सोडवली.

मी सही केली.

त्या आठवड्यात काकीची चूल वेगळी झाली. दिराने मागच्या खोलीचं पाणी तोडलं. ती शेजारून भरायची. मनगट कायमचं वाकडं राहिलं. पण त्या पावसाळ्यात तिने स्वतःचं शेत नांगरलं, मग आजूबाजूच्या बायकांचं. दिराचे पैसे फिटले, बोलणं मात्र परत सुरू झालं नाही.

आता त्या शेतातून रस्ता जातोय. काकीही गेली, मला उशिरा कळलं.

मी तिला शेवटची पाहिली ती टॉवरांमधल्या रस्त्यावर. भर दुपारी टिलर धरून कुणाच्या तरी शेताकडे निघाली होती. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा नुसता कल्लोळ. काकीने मागे वळून बघितलं नाही. रस्त्याच्या मधोमध, टिलरच्या चालीने ती चालत राहिली.